थोडी घाण राहू द्या

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर माणसाने काय करावे, याविषयी आमच्या सोसायटीत पुष्कळ मते होती. परंतु लोकांच्या घरी जाऊन माशांच्या टाक्या धुवाव्यात, असे एकाचेही मत नव्हते. "अहो, तीस वर्षांत घरातलं बेसिन एकदा घासलं नाहीत, आणि आता लोकांच्या माशांचं न्हाणीघर धुवायला निघालात?" असे बायकोने विचारले. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी बादल्या विकत आणायला बाहेर पडलो.

भांडवल तसे किरकोळ होते. दोन बादल्या, दहा फूट पारदर्शक नळी, काचेवरचे शेवाळ खरवडायला एक ब्लेड, जाळी, पाण्यातला अमोनिया तपासायचे किट आणि आमची जुनी स्कूटर. टाकीच्या बादलीला साबणाचा अंशही लागता कामा नये, म्हणून दोन्ही बादल्यांवर मी लाल रंगाने ठळक 'मासे' असे लिहिले. आमच्या शाकाहारी घरात त्यानंतर त्या बादल्यांना कोणी बोटही लावले नाही, ही सोय मात्र अनपेक्षित होती.

पहिले गिऱ्हाईक कोथरूडमधल्या एका काकू. टाकी तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे १०६ लिटर पाणी. आत सात गोल्डफिश, निळेजांभळे खडे आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा एक पाणबुड्या. नळीने पाणी खेचण्याची आमची पद्धत अशी, की एक टोक टाकीत बुडवायचे, दुसरे तोंडात धरून ओढायचे आणि पाणी ओठांपर्यंत पोहोचण्याच्या आत नळी बादलीत सोडायची. या 'आत'ला किती अवधी असतो, हे घरी नळी धरणाऱ्याला कळत नाही, कारण घरी समोर खुर्ची टाकून कोणी बघत नसते. काकू बघत होत्या. पहिल्याच ओढीला गोल्डफिशच्या आठवड्याभराच्या संसाराचा घोट माझ्या घशाखाली उतरला. "गोड आहे का हो?" काकूंनी सहज विचारले. त्यांच्या म्हणण्याचा रोख बोअरच्या खाऱ्या पाण्याकडे होता, हे मला पुढे जिना उतरताना समजले.

चुळा भरून झाल्यावर पहिल्या गिऱ्हाइकावर छाप पाडावी म्हणून मी फिल्टरचा स्पंज काढला आणि थेट नळाखाली धरून असा पिळून पिळून धुतला, की इतकी वर्षे काकू जो काळा समजत होत्या तो स्पंज मुळात निळा होता, हे त्यांनाही त्या दिवशी कळले. त्या प्रसन्न झाल्या. मी चारशे रुपये घेतले आणि शीळ घालत घरी आलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला की मासे वर येऊन आ वासून बसले आहेत. जाऊन बघतो तर पाणी इतके नितळ की पाणबुड्याच्या मिशाही मोजता याव्यात. परंतु किटमधले द्रावण, जे पिवळे राहायला हवे होते, ते गर्द हिरवे झाले. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरत असतो आणि त्याचे आधी नायट्राइट व मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः त्या काळ्याकुट्ट स्पंजातच नांदत असतात, हे मी पुस्तकात वाचले होते, पाठही केले होते. महापालिकेच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेला असतो आणि तो मारताना कोणाची जातकुळी विचारीत नाही, हेही ठाऊक होते. टाळ्या मिळण्याच्या आशेपुढे या दोन्ही गोष्टी मला एकदमच विसरायला झाल्या, एवढेच.

संध्याकाळपर्यंत दोन मासे गेले. मी अपराध्यासारखा उभा होतो. काकूंनी मात्र हात जोडले आणि म्हणाल्या, "घरावरचं संकट अंगावर घेऊन गेले हो बिचारे." ते संकट त्या वेळी त्यांच्याच सोफ्यावर, गुडघ्यापर्यंत ओल्या पायजम्यात, त्यांनीच केलेला चहा पीत बसले होते.

मग दोन आठवडे मी रोज जाऊन पाव टाकी, म्हणजे सव्वीस-सत्तावीस लिटर पाणी, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादल्यांतून फुकट बदलले. शिवाय घरच्या टाकीतला अर्धा घाणेरडा स्पंज कापून ओल्या पिशवीतून नेला आणि त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला. ही घाण कशासाठी, असे काकूंनी विचारल्यावर मी नायट्रोजनचे चक्र सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. "म्हणजे विरजण म्हणा की! भांडं घासताना तुम्ही विरजणही धुऊन टाकलंत." इतक्या नेमक्या शब्दांत माझी चूक मला तोवर कोणीही सांगितली नव्हती, बायकोनेसुद्धा नाही.

आता मी स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा हलका दाबतो आणि काळाच परत बसवतो. यामुळे गिऱ्हाइके नाराज होतात. सगळे पाणी काढा, खडे साबणाने धुवा, पैसे पूर्ण देतोय ना, असे ऐकवतात. सफाईच्या धंद्यात सफाई अर्धवट सोडण्याचेच पैसे मागायचे, हे कसब बँकेच्या कोणत्याही प्रशिक्षणात मला शिकवले गेले नव्हते. तीन घरे त्यामुळे हातची गेली.

परवा मात्र काकूंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. टाकी चार फुटांची, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. माझे नाव कोणी सुचवले, असे विचारले तर म्हणाल्या, "ताईनंच सांगितलं. म्हणाली, माणूस चांगला आहे, फार साफ करत नाही."