डेड हार्ट

पेरायला उशीर झाला की ज्वारीला माशी खातीच. हे वाक्य आमच्या आबांचं. पाऊस झाल्यावर आठ-दहा दिवसांत पेरणी उरकायची, नाहीतर रोपांचे मधले पोंगे वाळतात, एवढं ते बशीत चहा ओतता ओतता सांगून टाकतात. तेच इंग्रजीत सांगायला मला चार वर्षं लागली.

या संशोधनावरच्या पेपरचा पहिला मसुदा मी धडाक्यात लिहिला होता: उशिरा पेरलं की माशी वाढते. गाइड मॅडमनी लाल पेनने 'वाढते' खोडून वर लिहिलं, 'वाढत असावी, असे सूचित होते.'

"मॅडम, पण वाढतेच की!"

"तुला माहितेय रे. पेपरला नाही माहीत."

मग त्यांनी 1953 चा 'नेचर'मधला, डीएनएच्या रचनेवरचा पेपर दाखवला. पानभरापेक्षा जरासाच मोठा. त्यात वॉटसन आणि क्रिक काय म्हणतात? तर या रचनेतून डीएनएची नक्कल कशी होत असेल, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. बस! आमच्याकडे सोयरीक जमवणारे असं बोलतात.

त्यानंतर 'द'. मराठीत माशी म्हणजे माशी. इंग्रजीत पहिल्यांदा भेटली तर 'अ फ्लाय', ओळख झाली की 'द फ्लाय', आणि सगळं खानदान आलं की नुसतंच 'फ्लाइज'. मी सगळे 'द' आधी काढले, मग घातले, मग मॅडमनी काढलेले मी परत घातले. शेवटी मूठभर उरले, ते बियाण्यासारखे अंदाजाने पेरले.

परीक्षकाचा शेरा आला: इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून लेख तपासून घ्यावा. आता ही व्यक्ती नांदेड जिल्ह्यात कुठून आणू? बाकी महाराष्ट्रात निदान इंग्रजांचं राज्य तरी होतं, आमच्याकडे 1948 पर्यंत निजाम. उर्दूचा जाणकार मागितला असता तर आजोबांच्या दोस्तमंडळींत चौकशी केली असती.

पेपर छापून आला, तर मागोमाग परिषद. दहा मिनिटं, चौदा स्लाइड. हॉस्टेलवर सराव करताना रूममेट आठव्या मिनिटाला ताटावर चमचा मारायचा. प्रत्यक्षात खरी घंटा वाजली तेव्हा मी सहाव्या स्लाइडवर होतो. 'डिटर्मिन'चं 'डिटरमाईन' एव्हाना तीनदा करून झालं होतं. घाबरून मी तिथेच 'थँक्यू' म्हणालो.

मागच्या रांगेतून प्रश्न आला: हे 'डेड हार्ट' म्हणजे नेमकं काय?

पाठ केलेलं सगळं उडालं. मी डाव्या हाताने हवेतलं रोप धरलं, उजव्या हाताच्या चिमटीत मधला पोंगा धरून वर ओढला. "यू पुल. इट कम्स. लाइक धिस, नो फोर्स." मग बुडखा नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "स्मेल! इनसाइड, रॉटन. मॅगॉट." सबंध भाषणात एकही 'द' नव्हता. आणि हॉलमध्ये पहिल्यांदाच माना हलल्या.

रात्री आबांचा फोन आला. "पाऊस लांबलाय. पेरणी मागं पडली. माशी पडंल का रे यंदा?"

"पडण्याची शक्यता नाकारता येत नाही."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग फोन बाजूला धरून आईला म्हणाले, "अगं, ह्याला काही येत नाही वाटतं अजून."