तुमच्या आजोबांचा टांगा आणि मुंबईची व्हिक्टोरिया

नमस्कार,

व्हिक्टोरियांवरच्या, म्हणजे मुंबईत मौजेच्या फेऱ्या मारणाऱ्या घोडागाड्यांवरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून हे लांबण.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: तुमचं म्हणणं असं की, एसीत बसून घोड्यांचा कळवळा करणाऱ्यांनी व्हिक्टोरिया बंद पाडून गाडीवाल्यांच्या पोटावर पाय आणला. घोडा हजारो वर्षं माणसासाठी राबतोय. न्यूयॉर्कमध्ये बग्ग्या आजही चालतात, मग मुंबईच्या व्हिक्टोरियांनीच कुणाचं काय घोडं मारलं होतं? आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सबद्दल मी मूग गिळून का बसले? शेवटी, मी स्वतः कधी व्हिक्टोरियात बसले आहे का?

एसी आहे, कबूल. आता बाकीचं.

तुमचे आजोबा मिरज स्टेशनवर टांगा हाकायचे. घरामागे तबेला होता, रात्री घरी आले की आधी घोड्याला चंदी, मग खरारा, मग स्वतःचं जेवण, हे तुम्हीच लिहिलंय. माझा सगळा मुद्दा त्या एका वाक्यात आहे. घोड्याने काम करू नये असं मी म्हटलेलं नाही. गाडी सुटल्यावर तो घोडा कुठे उभा असतो, हे मी विचारते. मिरजेत त्याला उत्तर होतं. नरिमन पॉइंटला नव्हतं.

घोड्याचं पोट गाई-म्हशीसारखं नसतं. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत राहतं, चारा पोटात असो वा नसो. मोकळा घोडा दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ चरत असतो तो त्यामुळे. दोन वेळा चंदी घालून मधले तास नुसता ताटकळत ठेवला तर जठराला व्रण पडतात. तो उभ्या उभ्या डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवंच व्हावं लागतं, आणि आडवं व्हायला कोरडी, ऐसपैस जागा लागते. दक्षिण मुंबईत माणसाला मिळत नाही ती. मुंबई उच्च न्यायालयाने 8 जून 2015 रोजी निकाल दिला तेव्हा बातम्यांचे मथळे ‘व्हिक्टोरिया बंद’ असे होते. पण निव्वळ मौजेच्या फेरीसाठी घोडे जुंपणं बेकायदा ठरवताना न्यायालयाने तबेल्यांचाही प्रश्न घेतला होता आणि विनापरवाना तबेले चालू देऊ नका असं महापालिकेला बजावलं होतं. त्या भागाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. तबेल्याचा कुणी फोटो काढत नाही, चंदेरी गाडीचा काढतात.

आता न्यूयॉर्क. उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते तुमच्याच अंगावर येतं. तिथे बग्गीच्या घोड्याला वर्षाला किमान पाच आठवडे शहराबाहेर कुरणात सुट्टी देणं कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय 2019 साली त्यांनी उष्म्याचा नवा नियम केला: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करायची. पारा 80 किंवा त्याच्या वर असेल आणि बेरीज 150 गाठत असेल, तर घोडा जुंपायचा नाही. घोडा आपल्यासारखाच घामाने थंड होतो, आणि दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून ही बेरीज.

मुंबईला लावून बघा. मे महिन्यातली संध्याकाळ, 30 अंश सेल्सिअस म्हणजे फॅरनहाइटचे 86. आर्द्रता 75 टक्के धरा. झाले 161. म्हणजे ज्या वेळी मरीन ड्राइव्हवर गिऱ्हाईक यायचं, नेमक्या त्या वेळी न्यूयॉर्कच्या हिशेबाने घोडा तबेल्यात हवा. आपल्याकडे 1965 चे नियम आहेत: दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, आणि पारा 37 अंशांवर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपू नका. हा शेवटचा नियम नागपूरला कामाचा. मुंबईत पारा 37 वर क्वचितच जातो, घामाच्या धारा मात्र बारा महिने.

आणि इतके नियम असूनही तिथे सगळं आलबेल नाही. ऑगस्ट 2022 मध्ये रायडर नावाचा घोडा मॅनहॅटनच्या भर रस्त्यात कोसळला, काही आठवड्यांत गेला. त्याच्या नावाने बग्ग्या बंद करण्याचं विधेयक आलं आणि त्यावर तिथले गाडीवान, त्यांची युनियन आणि प्राणिप्रेमी आजही तुमच्या-माझ्यासारखेच भांडताहेत.

पोटावर पाय आणल्याचा तुमचा आरोप मात्र मी खोडणार नाही. न्यायालयाने वर्षभराची मुदत दिली होती आणि सरकारला पुनर्वसनाची योजना करायला सांगितलं होतं. घोडं पेंड खाल्लं ते तिथे. योजना 2017 साली आली: फेरीवाल्याचा परवाना आणि 1 लाख, नाहीतर एकरकमी 3 लाख. ज्याचा हात पिढ्यान्‌पिढ्या लगामावर बसलाय त्याला आपण पदपथावर गाडा लावायला सांगितलं, तेही फेरीवाल्यांना रोज हुसकावणाऱ्या शहरात. मार्च 2021 मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया सुरू झाल्या, तोवर ही वरातीमागून आलेली घोडी होती. आणि घोड्यांचं काय झालं? रोज कमाई न करणाऱ्या जनावराला चंदी घालणं गाडीवाल्याला परवडत नाही, म्हणजे ते विकलं जाणार, हे ज्यांनी बंदीसाठी खटपट केली त्यांना आधी सुचायला हवं होतं. मलाही. माझ्या लेखात यावर एक ओळ नव्हती, ही माझी चूक.

रेसकोर्सचंही तसंच. गरिबाच्या घोड्याला कायदा पटकन लागतो, श्रीमंताच्या घोड्याला टाळ्या मिळतात. पण तुमच्या यादीत लग्नातली घोडी राहिली. डीजेच्या भिंतीसमोर, डोळ्यांत लेसर घेत तासभर उभी असते ती, आणि वरातीत नाचणारे आपणच असतो.

शेवटचा प्रश्न. हो, बसले आहे. 1987 ची दिवाळी, बाबा, आई, मी, धाकटा भाऊ, नरिमन पॉइंट ते चौपाटी. बाबा भाड्यावरून घासाघीस करत होते तोवर मी घोड्याकडे बघत होते. त्याने एक पाय किंचित उचलून धरला होता. दमला असेल, मी भावाला म्हटलं. घोड्याने मागचा पाय असा सैल सोडला तर तो विसावा असतो, आणि पुढचा पाय पुढे काढून त्यावर भार द्यायचं टाळलं तर खूर दुखत असतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तुमच्या आजोबांना एका नजरेत कळलं असतं.

तो पाय पुढचा होता की मागचा, ते मला आता आठवत नाही.