साडेतीन बोटांचा अर्ज

हाड मोडलेल्या माणसाला लोक बसायला खुर्ची देतात. तीच ती हालचाल वर्षानुवर्षे करून ज्याचे मनगट कामातून गेले आहे, त्याला मात्र ते सल्ला देतात. काल वेगळ्या धाटणीचा माउस मिळावा म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी साहित्य मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो, आणि तेव्हापासून मनगटापेक्षा डोकेच अधिक ठणकत आहे.

"किती बोटे बधिर होतात?" त्यांनी रकान्यावर पेन टेकवून विचारले.

"साडेतीन."

यात माझा खरोखरच काही दोष नाही. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. तो तंतू दाबला गेला की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर होते. निसर्गाने ही वाटणी करताना कार्यालयीन रकान्यांचा विचार केलेला दिसत नाही.

"अहो, अर्धे बोट कसे बधिर होईल? तीन लिहू की चार?"

"साडेतीनच लिहा."

"संगणक अपूर्णांक घेत नाही." मग त्यांनी पेनच्या टोपणाने माझ्या अनामिकेला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी टोचून पाहिले, शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनाही टोचायला बोलावले आणि अखेर 'तीन' लिहून हिशेब पुरा केला. "म्हणजे सात बोटे शाबूत आहेत. शिवाय डावा हात आहेच की!"

वाद घालण्याइतका त्राण नव्हता, तरी मी त्यांना बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याची गोष्ट सांगितली. कामकऱ्यांच्या रोगांवर त्याने 1700 साली ग्रंथ लिहिला आणि 1713 च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्याची कारणे दिली: सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. त्याच्या माहितीतला एक लेखनिक उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि काही काळाने तोही हात गेला.

अधिकाऱ्यांनी हे सारे लक्षपूर्वक ऐकले. "त्याने विहित नमुन्यात अर्ज केला होता का?" त्यांनी विचारले.

थरथरणारी यंत्रे दिवसभर हातात धरणाऱ्या कामगारांना हे दुखणे सहज जडते. त्यांच्या वाट्याला बहुधा हा रकानाही येत नसेल, म्हणून मी नशीबवान आहे असे मला समजावण्यात आले. एरवी मी हसलो असतो, पण रात्री हाताला मुंग्या येऊन झोप मोडणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे हाल ऐकवून गप्प करणे हा शुद्ध निर्दयपणा आहे.

माउस मिळालेला नाही. त्याआधी मनगटाची काळजी घेण्याचे ऑनलाइन प्रशिक्षण अनिवार्य आहे. त्यात प्रत्येक पानावर 'पुढे' हे बटण जुन्याच माउसने दाबावे लागते, आणि 'हाताला अधूनमधून विश्रांती द्या' या पानावर थोडे थांबले की प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.