राग खरा आहे, पण आरोपी चुकलाय

"हिप हॉपवाल्यांनी सोल आणि फंकच्या जुन्या गाण्यांवर दरोडा घातला. बटण दाबण्यापलीकडे त्यात कसब नाही. मूळ वादक त्यांच्यामुळे कंगाल झाले. कोर्टाने चाप लावला ते बरंच झालं." हा मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांचं जुन्या सोल-फंकवर, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या संगीतावर, प्रेम असतं, हे मला ठाऊक आहे. माझंही आहे, म्हणूनच तो खोडून काढावासा वाटतो.

दरोड्याचं उदाहरण म्हणून नेहमी १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट' हे हिप हॉप गाणं दिलं जातं. पण त्यातली बेसची चाल म्हणजे सॅम्पल, अर्थात जुन्या ध्वनिमुद्रणातून थेट उचललेला तुकडा, नाहीच. शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'चा बेस स्टुडिओतल्या वादकांनी नव्याने वाजवला होता. शीकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हरकत घेतली आणि गीतकार-संगीतकार म्हणून त्यांची नावं लागली.

आता बटणाचं. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पल घेण्याच्या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. जागा वाचवायला हिप हॉपचे संगीत निर्माते ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर फिरवून तुकडा आत घेत आणि यंत्रात पुन्हा सावकाश करत. त्या काळातल्या ठेक्यांना जो खरखरीत, जाडसर नाद आहे, तो यातूनही आला. शिवाय तुकडा सापडायला आधी शेकडो तबकड्या कान देऊन ऐकाव्या लागतात. पीट रॉक या निर्मात्याने १९९२ मध्ये टॉम स्कॉटच्या तबकडीतला सॅक्सोफोन उचलला. मूळ चाल प्रेमगीताची, पण पीट रॉकने तिच्यावर गेलेल्या मित्राच्या आठवणीचं गाणं उभं केलं.

वादक कंगाल झाले, या मुद्द्यावर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण यातलं दुःख खरं आहे. 'फंकी ड्रमर' १९६९ मध्ये सिनसिनाटीत रेकॉर्ड झालं. ठेका क्लाइड स्टबलफील्डचा, रचनाकार म्हणून नाव फक्त गायक जेम्स ब्राऊनचं. पब्लिक एनिमीपासून एलएल कूल जेपर्यंत हिप हॉपमधल्या किती जणांनी तो ठेका वापरला! पण अमेरिकेत एका गाण्यावर दोन हक्क असतात: एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. ड्रमरचा ठेका रचनेत धरण्याची रीत नव्हती आणि मुद्रण कंपनीच्या मालकीचं. त्यामुळे कुणी रीतसर परवाना घेतला, तरी क्लाइडला त्यातला वाटा मागण्याचा हक्कच नव्हता. हे त्या व्यवसायात १९६९ मध्येच ठरून गेलेलं होतं.

विन्स्टन्स या बँडच्या 'अमेन, ब्रदर'मधल्या सहा-सात सेकंदांच्या ठेक्याचंही तेच. तो न विचारता, न पैसे देता घेतला गेला, आणि ते चूकच होतं. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड दिले. ड्रमर ग्रेगरी कोलमन २००६ मध्येच बेघर अवस्थेत वारला होता. पण समजा, सगळ्यांनी परवाने घेतले असते, तरी पैसे हक्कधारकांकडे गेले असते. कोलमन त्यांच्यात नव्हता.

राहिलं कोर्ट. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या, परवान्याविना घेतलेल्या सॅम्पलबद्दलच्या निकालाची सुरुवात न्यायाधीशांनी बायबलमधल्या 'चोरी करू नको' या आज्ञेने केली. २००५ मध्ये फंकडेलिक या फंक बँडच्या गिटारच्या दोन सेकंदांसाठीही परवाना लागेल असं ठरलं. तो खटला लढवला ब्रिजपोर्ट म्युझिक या हक्क बाळगणाऱ्या कंपनीने. त्याच कंपनीशी फंकडेलिकचा म्होरक्या खुद्द जॉर्ज क्लिंटन स्वतःच्या गाण्यांच्या मालकीवरून वर्षानुवर्षं भांडत होता! वादकांची बाजू यात कुठे आली? झालं इतकंच की एका गाण्यात डझनभर तुकडे गुंफण्याची पद्धत परवडेनाशी झाली, आणि डी ला सोल या हिप हॉप गटाचा १९८९ चा अल्बम सॅम्पलच्या हक्कांच्या गुंत्यामुळे मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकला नाही.

अमेरिकेतल्या डिजिटल रेडिओच्या मानधनातले ५ टक्के साथीच्या वादक-गायकांसाठी कायद्यानेच राखलेले आहेत. सॅम्पलच्या परवान्यातही तसाच वाटा ठेवा, अशी मागणी करणारा मजकूर कुणी लिहिला, तर मी तो आनंदाने पुढे पाठवीन.