नववीत आलेला नवा विद्यार्थी आणि त्याच्या शेजारची जागा

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, तेव्हा नववीच्या हजेरीपटाच्या शेवटी काही नवी नावे लिहिली जातात. मी पिंपरी-चिंचवडमध्ये शिकवते, त्यामुळे ही नावे कुठून येतात हे मला ठाऊक आहे. वडिलांना चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्यात काम मिळाले म्हणून बीड, लातूर, परभणी, सोलापूर या जिल्ह्यांतून कुटुंबे येतात, कोणी बदलीच्या नोकरीमुळे येते, तर कोणाच्या घरात काही बिनसलेले असते आणि आई मुलांना घेऊन मामाकडे राहायला आलेली असते. या मुलांच्या प्रवेशाबद्दल, फीबद्दल आणि मागे राहिलेल्या अभ्यासाबद्दल शाळेत पुष्कळ बोलले जाते. मधल्या सुट्टीत ती कोणाबरोबर डबा खातात, याबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने दिवसातला सर्वांत अवघड प्रश्न तोच असतो, असे माझे इतक्या वर्षांच्या निरीक्षणानंतर ठाम मत आहे, आणि त्याबद्दल आज सविस्तर लिहावेसे वाटते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने एक चांगली गोष्ट केली. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे कागद मागे राहिला म्हणून मूल बाहेर राहू नये, एवढी काळजी कायद्याने घेतली. पण वर्गात जागा मिळणे आणि वर्गाने आपल्याला सामावून घेणे यांत मोठे अंतर आहे, आणि हे अंतर कापण्याचे सगळे ओझे आपण त्या मुलाच्याच डोक्यावर ठेवतो. ‘तू स्वतःहून बोल’, ‘जरा मिसळायला शिक’, ‘हळूहळू होईल सवय’ हे सल्ले घरीही मिळतात आणि शाळेतही. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु ज्या वर्गात पाचवीपासून एकत्र असलेली मुले बसली आहेत, ज्यांची व्हॅन एक, खासगी क्लास एक, सोसायटी एक आणि व्हॉट्सॲपचा गटही एक, त्या वर्गात एकट्या मुलाने पुढाकार घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे त्याला कोणी सांगत नाही.

भाषेचा अडसर तर आपण गृहीतच धरत नाही, कारण सगळे मराठीच बोलतात असे आपल्याला वाटते. मराठवाड्यातून आलेला मुलगा ‘मी जायलोय’ म्हणतो किंवा विदर्भातली मुलगी ‘मी लिहून राहिली’ म्हणते, तेव्हा मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज येतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्या वाक्याचे टोपणनाव झालेले असते. त्यानंतर ते मूल वर्गात प्रश्न विचारायचे सोडून देते. त्याला उत्तर येत नसते असे नाही. तोंड उघडले की आपले गाव ऐकू येते, याची त्याला भीती बसलेली असते. शिक्षकाने त्याच क्षणी, त्याच तासाला, सगळ्यांसमोर हे थांबवले पाहिजे. नंतर एकट्याला बोलावून समजूत घातल्याने वर्गाला काहीच कळत नाही.

आता लोकप्रियतेबद्दल. प्रत्येक वर्गात काही मुलांभोवती घोळका असतो, आणि बाहेरून आलेल्या मुलाला वाटते की या घोळक्यात प्रवेश मिळाला म्हणजे आपण शाळेचे झालो. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी लोकप्रियतेचे दोन वेगळे प्रकार मानले आहेत. एक म्हणजे जे मूल बहुसंख्य मुलांना मनापासून आवडते, ज्याच्याशेजारी बसायला सगळे तयार असतात. दुसरा म्हणजे ज्याचा दबदबा असतो, ज्याच्या बोलण्यावर सगळे हसतात, पण ‘तुला तो खरोखर आवडतो का’ असे एकांतात विचारले तर अनेक जण गप्प बसतात. एखाद्या मुलात हे दोन्ही गुण असतात, नाही असे नाही. परंतु नव्या मुलाला पहिल्या काही आठवड्यांत फक्त दुसरा प्रकार दिसतो, कारण तोच मोठ्या आवाजात असतो, आणि म्हणून ते चुकीच्या दारावर उभे राहते. त्या दाराशी उभे राहण्याची किंमत मी पाहिली आहे : दुसऱ्यांच्या प्रयोगवह्या पूर्ण करून देणे, घरून मिळालेल्या पैशांतून सगळ्यांना वडापाव खिलवणे, आपल्याला न पटणाऱ्या टवाळीत सामील होणे आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या नव्या मुलाला चिडवून स्वतःची जागा पक्की करणे. यांतली शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त दुखावते.

व्हर्जिनिया विद्यापीठातील जोसेफ ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. एकाच मुलांना कुमारवयापासून तरुणपणापर्यंत पुन्हा पुन्हा भेटून त्यांनी नोंदी घेतल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की तेराव्या वर्षी वयाला न शोभणारे धाडस करून, दिसायला देखण्या मुलामुलींच्या मागे राहून वर्गात भाव खाणाऱ्या मुलांना तेविसाव्या वर्षापर्यंत नातेसंबंधांत आणि व्यसनांच्या बाबतीत इतरांपेक्षा अधिक अडचणी आल्या. २०१७ मध्ये याच गटाचा आणखी एक अभ्यास आला. पंधराव्या वर्षी ज्यांची एखाद्या मित्राशी किंवा मैत्रिणीशी घट्ट मैत्री होती, त्यांच्यातील सामाजिक भीती पंचविसाव्या वर्षी कमी झालेली आढळली आणि स्वतःबद्दलची भावना सुधारलेली आढळली. केवळ लोकप्रिय असलेल्यांमध्ये ही भीती वाढलेली होती. हे अभ्यास अमेरिकेतल्या मुलांवरचे आहेत आणि आपल्या वाड्यावस्त्यांना, चाळींना, सोसायट्यांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. तरीही दहावीनंतर भेटायला येणारी माजी मुले मला जे सांगतात, ते याच्याशी फार जुळते. ‘बाई, तो अमका नसता तर मी शाळा सोडली असती’ असे सांगणारे विद्यार्थी मला भेटले आहेत. सगळा वर्ग माझ्याशी बोलत होता म्हणून मी टिकलो, असे कोणी सांगितलेले मला आठवत नाही.

म्हणून नव्या मुलाच्या बाबतीत शाळेने एकच उद्दिष्ट ठेवावे असे मी म्हणते : दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्याला एक भरवशाचा सोबती मिळाला पाहिजे. सगळ्या वर्गाने त्याला डोक्यावर घ्यावे ही अपेक्षाच नको. काही मुले स्वभावाने शांत असतात, एका मैत्रिणीत आणि ग्रंथालयात सुखी असतात, आणि त्यांना ओढून गटात नेणे हाही अन्यायच आहे. पण जे मूल एकटे आहे आणि ज्याला एकटे राहायचे नाही, त्याला वाट पाहायला लावणे हे शाळेला शोभत नाही.

हे कसे घडवायचे, याबाबत वर्गशिक्षकाच्या हातात आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच काही असते. बाकाची जागा ही त्यातली पहिली गोष्ट. नव्या मुलाला आपण बहुधा मॉनिटरशेजारी किंवा वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाशेजारी बसवतो, कारण ती मुले आपल्याला जबाबदार वाटतात. माझा अनुभव असा, की ज्या मुलाला स्वतःला एखादा जवळचा मित्र हवा आहे, जो मायाळू आहे आणि ज्याचा घोळका नाही, त्याच्याशेजारी नवे मूल लवकर रुळते. असे मूल कोण, हे हजेरीपटावरून कळत नाही. त्यासाठी शिक्षकाला मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभे राहावे लागते. पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गासमोर उभे करून ‘तुझी ओळख करून दे’ असे सांगण्याची पद्धत मी बंद केली आहे. ज्याला अजून कोणाचे नावही माहीत नाही, त्याला शंभराहून अधिक डोळ्यांसमोर उभे करून काय साधते? त्याऐवजी दोघांनी मिळून करायचे एखादे काम द्यावे : नकाशे आणून लावणे, प्रयोगशाळेतून साहित्य आणणे, वाचनपेटीतल्या पुस्तकांची नोंद ठेवणे. हात कामात असले की बोलणे आपोआप सुरू होते.

आणि एक वाक्य आपण शिक्षकांनी कायमचे सोडून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘आपापले गट करा’ हे ते वाक्य. प्रयोगासाठी, प्रकल्पासाठी, सहलीच्या बसमधल्या जागांसाठी, मुक्कामाच्या खोल्यांसाठी आपण हे सहज म्हणतो आणि पुढच्या दोन मिनिटांत वर्गातले सगळे नातेसंबंध उघडे पडतात. जे मूल शेवटी उरते, त्याला मग ‘याला घ्या रे कोणीतरी’ म्हणून एखाद्या गटावर लादले जाते. खेळाच्या तासाला दोन कप्तान आळीपाळीने खेळाडू निवडतात, तिथेही हेच होते. गट शिक्षकाने पाडले, दर महिन्याला बदलले, तर यातले काहीच होत नाही आणि अभ्यासाचेही नुकसान होत नाही.

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवले गेले आणि वर्गावर्गांत ताण निर्माण झाला. तेव्हा एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने एक साधी पद्धत वापरली. धड्याचे भाग करायचे, गटातल्या प्रत्येक मुलाला एकच भाग द्यायचा, तो त्याने नीट शिकून इतरांना शिकवायचा, आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर घ्यायची. ज्या मुलाकडे एरवी कोणी लक्ष देत नाही, त्याचे बोलणे ऐकल्याशिवाय इतरांना धडा पूर्ण होत नाही. मी इतिहासाच्या आणि भूगोलाच्या काही पाठांना ही पद्धत वापरते. साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात ती अवघड जाते, गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गाची तक्रार येते. पण गावाकडून आलेली एखादी मुलगी ज्वारीच्या पिकाबद्दल गटाला समजावून सांगू लागते आणि एरवी तिच्या बोलण्याला हसणारे वही उघडून लिहून घेऊ लागतात, तेव्हा तो गोंगाट मला चालतो.

शाळाशाळांत तक्रारपेट्या बसवलेल्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. मारहाण, छळ, घाणेरडे बोलणे यांची तक्रार त्यातून करता येते. पण ‘माझ्याशी कोणी बोलत नाही’ ही चिठ्ठी त्या पेटीत कोणते मूल टाकेल? ज्याच्यावर कोणी हात उगारलेला नाही, ज्याला कोणी शिवी दिलेली नाही, ज्याला फक्त वाढदिवसाला बोलावलेले नाही आणि ज्याला त्याच संध्याकाळी इन्स्टाग्रामवर सगळ्या वर्गाचे केक कापतानाचे फोटो दिसले, त्याच्याकडे तक्रार म्हणून लिहिण्यासारखे काहीच नसते. वगळले जाण्याचा पुरावा राहत नाही, म्हणून मोठ्या माणसांनी तो स्वतःहून शोधावा लागतो.

पालकांनाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. शाळा बदलणे तुमच्या हातात असेल, तर शक्यतो पाचवीच्या किंवा आठवीच्या सुरुवातीला बदला. अनेक गावांतल्या जिल्हा परिषद शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात, त्यामुळे त्या इयत्तांत पुष्कळ मुले एकाच वेळी नवी असतात आणि तुकड्याही नव्याने पडतात. नववीत येणारे मूल बहुतेक वेळा एकटेच नवे असते. घरी आल्यावर रोज ‘झाले का मित्र?’ असे विचारू नका, कारण ‘नाही’ हे उत्तर रोज देणे ही त्याच्यासाठी दुसरी परीक्षा होऊन बसते. जुन्या गावच्या मित्रांशी फोनवर बोलू द्या. अभ्यास बुडतो म्हणून तोडू नका, कारण नवे कोणी मिळेपर्यंत त्याला स्वतःची ओळख तिथूनच मिळत असते. आणि एखाद्या वर्गमित्राचे नाव त्याच्या बोलण्यात दोनदा आले, तर रविवारी त्याला घरी जेवायला बोलवा.

ज्यांची मुले वर्गात लोकप्रिय आहेत, त्यांच्याशी मला जास्त बोलायचे आहे. पालकसभेत तुम्ही गुणांबद्दल विचारता, अक्षराबद्दल विचारता, मोबाइलबद्दल विचारता. आपले मूल इतरांशी कसे वागते, हे मला फार थोड्या पालकांनी विचारले आहे. तुमच्या मुलाच्या शब्दाला वर्गात वजन आहे. त्याने एकदा ‘ये, इकडे बस’ म्हटले तर बाकीची मुले सरकून जागा करतात, आणि शिक्षकाने दहा वेळा सांगूनही जे होत नाही ते एका मिनिटात होते. आज डबा कोणी एकट्याने खाल्ला, एवढे त्याला घरी विचारत जा.

दिवाळीनंतर येणाऱ्या मुलांची स्थिती याहून बिकट असते. सहामाही परीक्षा होऊन गेलेली असते, बाकांवरच्या जोड्या ठरलेल्या असतात, आणि लगेच स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते, तिथे नाचाचे आणि नाटकाचे गट आधीच पक्के असतात. यंदा आमच्या शिक्षकांच्या बैठकीत मी असे मांडणार आहे, की नोव्हेंबरनंतर प्रवेश घेतलेल्या मुलांना विचारून त्यांची नावे कार्यक्रमांच्या यादीत आधी घालावीत आणि बाकीचे गट त्यांच्याभोवती ठरवावेत. इतर शाळांतल्या शिक्षकांनी असे काही करून पाहिले असेल, तर त्यांनी ते इथे जरूर लिहावे. मला बैठकीपूर्वी त्याचा उपयोग होईल.