आभारप्रदर्शन तरुणांकडे द्या

आधी कार्यक्रमाची तारीख ठरवा. बुधवार, सकाळी साडेदहा. त्या वेळी कॉलेजातली पोरं प्रॅक्टिकलला असतात, कमावती पोरं कामावर असतात, त्यामुळे ‘अन्न अधिकार आणि युवाशक्ती’ या विषयावर निवांत बोलता येतं. हॉल रिकामा राहील ही भीती नको. ओळखीच्या प्राचार्यांना फोन टाका. तासांवर सही मिळणार म्हटलं की एनएसएसचं एक युनिट येऊन पुढच्या चार रांगा भरतं. फोटोला तेवढ्याच लागतात.

व्यासपीठावर सात खुर्च्या. साठीच्या आतला माणूस तिथे एकच, माइकवाला. तरुणांना स्थान दिलं नाही असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून स्वागतगीत, समईपाशी मेणबत्ती धरून उभं राहणं आणि आभारप्रदर्शन एवढं त्यांच्याकडे सोपवा. आभाराच्या वेळी निम्मा हॉल जेवणाकडे पळालेला असतो. पोरगं काही वेडंवाकडं बोललंच तर ऐकायला कोण असतं?

भाषणाची सुरुवात लाटणं मोर्चापासून. १९७२चा दुष्काळ, महागाई, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका. चाळीस मिनिटं सहज जातात. फक्त एक पथ्य पाळा. त्या बायकांना कुणी निमंत्रणपत्रिका पाठवली नव्हती, घरात तेल आणि साखर नव्हती म्हणून त्या आल्या होत्या, हे सांगू नका. पोरं ताबडतोब आपापल्या घरातले डबे आठवायला लागतात. आपल्याला प्रेरणा द्यायची आहे, डबे उघडायचे नाहीत.

कायद्याची माहिती द्यावीच लागते, पण ती ‘सदर अधिनियमातील तरतुदींस अधीन राहून’ अशा मराठीत द्या. २०१३चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, सगळ्यांत गरिबांच्या अंत्योदय कार्डाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३पासून हे धान्य फुकट, इतकं सोपं करून सांगाल तर फसाल. चार माणसं म्हणजे वीस किलो, हा हिशेब चौथीतलं पोरही करतं. मग ते रेशन दुकानातल्या वजनकाट्याकडे बघायला लागतं.

इष्टांक हा शब्द तर उच्चारूच नका. हे धान्य किती जणांना द्यायचं याचा महाराष्ट्राला केंद्राने ठरवून दिलेला आकडा ७ कोटी १६ हजार माणसांचा, आणि तो बेतलाय २०११च्या जनगणनेवर. तुमच्यासमोर बसलेल्या पोरांच्या कित्येक धाकट्या भावंडांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. ती आता शाळेत जातात, दोन वेळा जेवतात, तरी रेशनकार्डावर नाव चढवायला गेलं की खिडकीतून ‘इष्टांक शिल्लक नाही’ एवढंच ऐकू येतं. शहरात या धान्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. रात्रपाळीचा वॉचमनसुद्धा त्या हिशेबात श्रीमंत ठरतो. हे कळलं की तरुण नाहक नकारात्मक होतात.

जेवणाची व्यवस्था दोन जागी ठेवा. आत पाहुण्यांना मसालेभात, मठ्ठा, जिलेबी. बाहेर मुलांना वडापाव, माणशी एक. मी पाहिलेल्या एका कार्यक्रमात एका मुलाने दुसरा वडा मागितला, तर स्वयंसेवक म्हणाला, “कूपन दाखव.” मागे बॅनरवर ‘अन्न हा हक्क आहे’ असं मोठ्या अक्षरात होतं. मुलगा बॅनरखालून निमूट निघून गेला. गुणी मुलगा.

सगळीच अशी गुणी नसतात. आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, बारावीतली. आजीला घेऊन रेशनच्या दुकानात जाते, कारण आजीचा अंगठा मशीन घेत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची भांडी घासल्यावर अंगठ्यावर रेषा राहतात कुठे? आजी पदराला अंगठा पुसते, पुन्हा ठेवते, मग मधलं बोट लावून बघते. दुकानदार म्हणतो, सर्व्हर गेलाय, उद्या या. उद्या येते, परवा येते. एका महिन्यात माल मिळाला अठरा किलो. ही पोरगी घरी जाऊन मोबाइलवर ‘मेरा रेशन’ ॲप उघडते, तर तिथे उचल वीस किलोची. दुसऱ्या दिवशी दुकानात उभी: “काका, पावती द्या.”

असली मुलगी चुकून तुमच्या हॉलमध्ये शिरली, तर प्रश्नोत्तरांना वेळ उरणार नाही याची काळजी घ्या. आमच्याकडे पाच मिनिटं उरली. हिने हात वर केला. कायद्याच्या कलम २९प्रमाणे प्रत्येक रेशन दुकानावर नजर ठेवायला दक्षता समिती असते ना, मग आमच्या दुकानाच्या समितीवर कोण आहे? व्यासपीठावरच्या तिसऱ्या खुर्चीतले काका चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. अध्यक्षांनी “फार चांगला प्रश्न” म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्यांनी बरंच काही झाकता येतं.

अशा वेळी रागावू नका. तिला तिथल्या तिथे ‘युवा समन्वयक’ करा, शाल घाला. व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन करा, पोस्टर तिच्याकडून करून घ्या, नाचणीच्या भाकरीवर रील काढायला सांगा. इतकी कामं द्या की कलम २८मधलं सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे लोकांसमोर होणारी योजनेची तपासणी, वाचायला तिला सवड मिळता कामा नये. दर बुधवारी साडेदहाची बैठक ठेवा आणि हजेरी सक्तीची करा.

आमची समन्वयक पहिल्याच बैठकीला आली नाही. चौकशी केली, तर दुकानाच्या पायरीवर बसली होती म्हणे. दहा-बारा बायका भोवती, आणि ही एकेकीचं कार्ड हातात घेऊन किती माल आला, किती मिळाला ते वहीत उतरवत होती. वहीचा पहिला कॉलम आजीचा.

हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे फुली मारली आहे.