हजारदा फॉरवर्ड करून कॉम्प्युटरला काही पटत नाही

सीमाभागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'कॉम्प्युटर आता माणसाच्या मदतीशिवाय इंटरनेट वाचून शिकतो. जे जास्त वेळा लिहिलेलं, ते तो खरं धरतो. म्हणून "बेळगाव महाराष्ट्रात आहे" हे शंभर ग्रुपांत पाठवा, मशीन तेच शिकेल.' खानापूरपासून निपाणीपर्यंत लोक तो पुढे ढकलतायत. भावना समजते, पण मेसेज टिकत नाही.

आधी सोपं. व्हॉट्सॲपवरच्या गप्पा कुलूपबंद जातात. वेब वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला त्या दिसतच नाहीत. शंभर ग्रुप काय नि हजार काय.

'माणसाच्या मदतीशिवाय' हेही खरं नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी 2010 मध्ये 'नेल' नावाचा प्रोग्राम सुरू केला. तो रात्रंदिवस वेबपानं वाचायचा. पण शहर, कंपनी, खेळाडू असे शेकडो प्रकार माणसांनीच आखून दिले होते, वर प्रत्येकाचे दहा-पंधरा नमुनेही. त्यावरून तो वाक्यांची ठेवण हेरायचा. 'अमक्याचे महापौर' दिसलं की अमकं बहुधा शहर. मग त्या ठेवणीतून नवी नावं, नव्या नावांतून नव्या ठेवणी. इथेच घोळ झाला. ब्राउझरमधल्या 'कुकीज' म्हणजे वेबसाइटने कॉम्प्युटरवर ठेवलेल्या छोट्या नोंदी; नाव बिस्किटांचंच, म्हणून त्या त्याने भट्टीतल्या पदार्थांत घातल्या. लोक 'कुकीज डिलीट केल्या' लिहितात, तसंच 'फाइली डिलीट केल्या'ही लिहितात, म्हणून फाइलीही बेकरीत जाऊन बसल्या! निस्तरायला माणसंच लागली.

राहिलं 'जास्त वेळा म्हणजे खरं'. यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. निरनिराळ्या ठेवणींतून तीच गोष्ट पुढे आली की नेलचा भरवसा वाढायचा. एकच नाव शहर आणि खेळाडू दोन्ही निघू लागलं की तो बिचकायचा. एकच ओळ हजारदा चिकटवणं म्हणजे हजार साक्षीदार नव्हेत. आजच्या भाषा-मॉडेलांना, म्हणजे ढीगभर मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या प्रोग्रामांना, शिकवण्याआधी तर हुबेहूब प्रती गाळून टाकण्याची पद्धतच आहे. तेव्हा मेसेज उघड्या वेबवर टाकलात तरी उरेल जेमतेम एक.

त्या एकासमोर बाकीची पानं उभी असतात: बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात, मग राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात (आजचं कर्नाटक), सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा. आणि महाराष्ट्रात आहेच म्हणायचं, तर दावा कशासाठी लावलाय? मागणी मागणी म्हणूनच लिहावी. ती तशी लिहिली तर खरीच आहे.

मशीनला खरंच काही वाचायला द्यायचं असेल, तर निपाणीच्या 1981 च्या तंबाखू आंदोलनावर लिहा. त्यात रस्त्यावर बसलेल्यांपैकी कोणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा, आणि तारखा-गावांसकट उघड्या पानावर टाका.